मंडळातला पाऊस, बागेतला पाऊस

संशयी : तुम्हा मोजणाऱ्या लोकांचा सगळ्यात गाजलेला आकडा म्हणजे 944. तारीख 26 जुलै 2005, ठिकाण सांताक्रूझ, चोवीस तासांत 944 मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला किती, तर 73. दोन्ही मापकं सरकारी, दोन्ही ठाकठीक, आणि दोघांत अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. आता मला सांग, त्या दिवशी मुंबईत पाऊस किती पडला? सरासरी काढलीस तर पाचशे आठ येतात. त्या पाचशे आठमध्ये ना कुर्ल्याचं बुडणं दिसतं, ना कुलाब्याचा नेहमीचा पावसाळी दिवस. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडचा पाऊस मोजून घेणाऱ्यातला नाही. जिथे दिवसभर झिमझिम चालते, शेकडो किलोमीटर एकसारखं आभाळ भरलेलं असतं, तिथे एका भांड्यात पडलेलं पाणी अख्ख्या तालुक्याच्या नावावर लिहिता येईल. इथे रस्त्याच्या या बाजूला छत्री उघडावी लागते आणि पलीकडे धूळ उडत असते. अशा ठिकाणी आकडा म्हणजे लिहिण्यापुरती सोय. सोय आहे तोवर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या आकड्यावर माणसाचं वर्ष टांगायला लागलात म्हणून.

मोजणारी : काका, पुरावा माझाच आणलात आणि माझ्याच विरुद्ध लावलात. सांताक्रूझला मापक नसतं, नुसतं कुलाब्याचं असतं, तर त्या दिवसाची अधिकृत नोंद काय झाली असती? पावसाळ्यातला एक बऱ्यापैकी ओला दिवस. शेकडो माणसं गेली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, आणि दप्तरात 73. विहार तलावाच्या मापकाने तर त्या दिवशी हजार ओलांडले होते. दोन आकड्यांमध्ये एवढी तफावत येते याचा अर्थ मोजणं फसलं असा नाही. तफावत हाच त्या दिवसाचा खरा शोध. उष्ण कटिबंधातला ढग आडवा पसरत नाही, उभा वाढतो. दहा-पंधरा किलोमीटर उंच आणि रुंदीला काहीच किलोमीटर. त्यात सह्याद्रीसारखी भिंत आडवी आली की विचारायलाच नको. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि घाट उतरून वाईला आलं की हजाराच्या आत. हे आपल्याला कशामुळे ठाऊक आहे? दोन्हीकडे रोज सकाळी साडेआठला कुणीतरी मापनपात्र डोळ्यांसमोर धरून पाण्याची रेघ वाचली, म्हणून. पाऊस लहरी आहे म्हणून मोजू नका, असं तुम्ही म्हणता. मी म्हणते, लहरी आहे म्हणून जास्त ठिकाणी मोजा. 2005 नंतर मुंबईत तेच झालं. महापालिकेची स्वयंचलित केंद्रं आली, डॉप्लर रडार आलं. त्या जुलैत यातलं काहीच नव्हतं.

संशयी : जास्त ठिकाणी म्हणजे किती ठिकाणी? आपण हिशेबच करू. महाराष्ट्रात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळं. ‘महावेध’ योजनेत मंडळाला एक याप्रमाणे स्वयंचलित केंद्रं बसवली. राज्याचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे एका मंडळाच्या वाट्याला दीडशेच्या आसपास. मापकाचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटरचं धर. भागाकार केलास तर मंडळातल्या साडेसातशे कोटी भागांपैकी एका भागावर पडलेलं पाणी तू मोजतेस आणि उरलेल्यांना सांगतेस, तुमच्याकडेही एवढाच पडला. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, मग पंचनामा, मग मदत. 64 झाला तर काही नाही. माझं भात खाचरात आडवं झालेलं असतं आणि सात किलोमीटरवरच्या भांड्यात चौसष्ट भरलेले असतात. तलाठी काय करणार? तोही बिचारा छापील आकडाच बघणार. आणि तुझे ते सकाळचे साडेआठ! पहाटे साडेपाचपासून साडेअकरापर्यंत सहा तासांत ऐंशी मिलिमीटर ओतला, तर चाळीस कालच्या खात्यात आणि चाळीस आजच्या. दोन्ही दिवस निर्दोष सुटले. पाऊस पडला एकदाच, वाहून गेलं एकदाच, पण वहीत अतिवृष्टी झालीच नाही.

मोजणारी : साडेआठचा मुद्दा मान्य. ती रेघ देशभरच्या नोंदी एकमेकींशी जुळाव्यात म्हणून आखली आहे, तुमच्या खाचरासाठी नाही. स्वयंचलित यंत्र दर पंधरा मिनिटांचा, तासाचा पाऊस ठेवू शकतं. त्यातून कुठलेही चोवीस तास काढता येतात. ते काढायचे की नाही हा शासननिर्णयाचा प्रश्न आहे, यंत्राचा नाही. पण तोंड लहान म्हणून मापक खोटं, हे मला पटत नाही. जगातल्या पर्जन्यमापकांची तोंडं शेजारी शेजारी मांडली तर फुटबॉलचं अर्धं मैदानही भरणार नाही असा हिशेब शास्त्रज्ञांनी केलेला आहे. तरीही त्याच भांड्यांवरून दुष्काळाचे पट्टे ओळखता आले, धरणांची उंची ठरली, मोसमी पावसाचं दीडशे वर्षांचं वेळापत्रक उभं राहिलं. शितावरून भाताची परीक्षा होतेच की.

संशयी : होते, कारण ते भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेलं असतं. तुझा पाऊस एका भांड्यात शिजत नाही, हे आत्ताच तू मला सांगितलंस.

मोजणारी : बरोबर पकडलंत. मग असं म्हणते, वर्षभराच्या, दहा वर्षांच्या बेरजेला शीत चालतं. एका सरीला चालत नाही. सरी एकमेकींच्या चुका भरून काढतात. आज तुमच्या गावाला चुकलेला ढग उद्या मापकाला चुकतो. हंगामाच्या शेवटी दोन्ही आकडे बरेच जवळ आलेले असतात.

संशयी : हंगामाच्या शेवटी भात नसतं गं.

(इथे जरा मध्ये पडतो. हे दोघे एकाच पावसाबद्दल बोलतायत असं वाटतं, पण तसं नाही. पूल किती उंच बांधायचा हे ठरवायला पन्नास वर्षांच्या नोंदी लागतात आणि त्यात एखादा दिवस चुकला तरी बिघडत नाही. नुकसानभरपाईला नेमका तो चुकलेला दिवसच लागतो. एकाच भांड्यावर दोन्ही कामं लादली आहेत. मोजणारीच्या मनात पूल आहे आणि संशयीच्या मनात भरपाई.)

मोजणारी : आता मीच तुमच्या हातात एक काठी देते. हे स्वयंचलित मापक उघडलं की आत काय दिसतं माहीत आहे? वर नरसाळं. त्याखाली लहान मुलांच्या सी-सॉसारखी दोन कप्प्यांची डोलती पळी. एका कप्प्यात 0.2 मिलिमीटर पावसाएवढं पाणी साठलं की तो खाली झुकतो, ओतला जातो, दुसरा वर येतो. प्रत्येक झुकण्याला एक टिक. टिका मोजल्या की पाऊस. यंत्र गोड आहे, पण त्याचे शत्रू फार. नरसाळ्याच्या भोकात कोळी जाळं विणतो, पक्षी काठावर बसून घाण करतात, एक कुजलेलं पान पुरतं. मग पाणी तुंबतं आणि बाहेर धो धो कोसळत असताना आत ठिबक, ठिबक. दोन दिवसांनी ऊन पडलं तरी टिका चालूच. हे झालं साफसफाईचं. यंत्र अगदी स्वच्छ असलं तरी मोठ्या सरीत ते मागे पडतं. तासाला शंभर मिलिमीटरच्या वेगाने पडत असेल तर दर सात सेकंदांना एकदा पळी झुकायला हवी, आणि झुकता झुकता जे पाणी पडतं ते मोजलं जात नाही. सर जेवढी जोराची, तेवढी गळती जास्त. वारा असेल तर थेंब तोंडावरून तिरके निघून जातात. काहीसं पाणी आदळून बाहेर उडतं, काही नरसाळ्याला चिकटून वाळतं. यातली जवळजवळ प्रत्येक चूक एकाच दिशेची आहे. मापक पडलेल्यापेक्षा कमी सांगतं. जास्त सांगितल्याचे प्रसंग विरळा.

संशयी : थांब. हे तू इतक्या सहज बोलून गेलीस? चूक दोन्हीकडे सारखी असती तर मी म्हटलं असतं, चला, नशीब. कधी माझ्या बाजूने, कधी विरुद्ध. पण यंत्र कमीच सांगतं हे तुम्हाला माहीत आहे, आणि 65 ची रेघ तशीच ठेवली आहे, म्हणजे तिथे ज्याचे 64 भरले त्याच्या शेतात बहुधा 66-67 पडलेले होते. तो दर वेळी हरणारच. याला मी चूक म्हणत नाही, याला मी एका बाजूला कललेला तराजू म्हणतो. आणि बाजारात असा तराजू सापडला तर वजनमाप निरीक्षक उचलून नेतो.

मोजणारी : तराजू सुधारायचा तर वाऱ्याचा वेग मापकाच्या उंचीवर माहीत हवा, सरीचा जोर मिनिटामिनिटाचा हवा, आणि प्रत्येक यंत्राची स्वतंत्र तपासणी हवी. नुसतं सगळ्यांच्या आकड्यात पाच टक्के वाढवा म्हटलं की जिथे वारा नव्हता, पान अडकलं नव्हतं, तिथला आकडा फुगतो. मग विमा कंपनी कोर्टात जाईल आणि तिचंही बरोबर असेल. म्हणून आम्ही दुसऱ्या साक्षीदाराकडे जातो, रडारकडे. रडार सगळं मंडळ एका नजरेत बघतं.

संशयी : ते तरी पाऊस मोजतं का?

मोजणारी : नाही. थेंबांवरून परत आलेला प्रतिध्वनी मोजतं. प्रतिध्वनीवरून पाऊस काढायला एक सूत्र लागतं. सगळ्यात प्रसिद्ध सूत्र मार्शल आणि पामर यांचं, 1948 मधलं, कॅनडातल्या पावसाच्या थेंबांवरून बांधलेलं. तिकडच्या थेंबांची घडण वेगळी, आपल्या ढगांतली वेगळी. आता गंमत बघा. पन्नास डीबीझेडचा प्रतिध्वनी आला, तर ते कॅनडाचं सूत्र म्हणतं तासाला 49 मिलिमीटर. उष्ण कटिबंधातल्या पावसासाठी वापरतात ते सूत्र त्याच प्रतिध्वनीला म्हणतं 147. यंत्र तेच, ढग तोच, आकडा तिप्पट. कुठलं सूत्र घ्यायचं हे कळायला खाली जमिनीवर मापक लागतं. म्हणजे फिरून भांड्यापाशीच येतो आपण. उपग्रहाचंही तेच. अमेरिका आणि जपानने 1997 मध्ये खास उष्ण कटिबंधातल्या पावसासाठी उपग्रह सोडला, त्याचं नावच ट्रॉपिकल रेनफॉल मेझरिंग मिशन. पुढे 2011 मध्ये आपण फ्रान्सबरोबर ‘मेघा-ट्रॉपिक्स’ सोडला, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वीस अंशांपर्यंत घुटमळणाऱ्या कक्षेत, म्हणजे महाराष्ट्रावरून वारंवार जाईल असा. दोघांनीही समुद्रावरच्या पावसाबद्दल पुष्कळ शिकवलं. समुद्रावर भांडी कोण ठेवणार? पण घाटमाथ्यावर उपग्रह अडखळतो. तिथे ढग फार उंच नसतात, तरी मुसळधार कोसळतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा ढगातून काय पडणार. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2012 मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा थाटली, कारण तिथे ढगच चालत दारात येतात.

संशयी : कौटिल्य तुमच्याहून शहाणा. त्याने कोष्ठागारापुढे हातभर रुंद तोंडाचं भांडं ठेवायला सांगितलं, देशोदेशीच्या पावसाचे आकडे द्रोणात दिले. अश्मक देशात साडेतेरा, अवंतीत तेवीस. आणि अपरान्ताशी, म्हणजे आमच्या कोकणाशी आल्यावर? आकडाच दिला नाही. अपार पडतो म्हणाला आणि पुढे गेला. कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं.

मोजणारी : आकडा दिला नाही म्हणून कोकणचा सारा माफ झाला असेल असं वाटतं का तुम्हाला? ते भांडं देवळासमोर नव्हतं, काका, कोठारासमोर होतं. पेरणी काय करायची आणि पीक किती येणार याचा अंदाज बांधायला मोजत होते. ज्या प्रदेशाचा आकडा नसतो तिथे अंदाज थांबत नाही. तो राजाच्या माणसाच्या मनावर चालतो. आज तुमच्या मंडळात यंत्र नसतं तर काय झालं असतं? अतिवृष्टी झाली की नाही हे कुणाच्या तरी शिफारशीवर ठरलं असतं. आणि शिफारस कुणाला मिळते हे मी तुम्हाला सांगायला नको.

संशयी : हे मात्र खरं. पूर्वी आणेवारी कशी लागायची ते मी बघितलंय. पण त्यात एक होतं. माणसाशी भांडता यायचं. ‘चल, बांधावर ये, बघ’ असं म्हणता यायचं. यंत्राला बांधावर कसं बोलावू? आणि तुमच्यातल्याच एका थोर बाईंचं मत तुला ठाऊक असेल. अण्णा मणी. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेलं बरं, अशी त्यांची धारणा होती. मी वेगळं काय म्हणतोय?

मोजणारी : धारणा सांगितलीत, आता त्यांनी केलं काय तेही सांगा. 1948 मध्ये त्या पुण्याला हवामान खात्यात आल्या, तेव्हा साधी साधी उपकरणं परदेशातून मागवावी लागत. त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांची रेखाचित्रं प्रमाणित करून ती इथे बनवायला लावली. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात सूर्याची ऊर्जा मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं विणलं. 1980 आणि 81 मध्ये भारतातल्या सौर प्रारणावर त्यांचे दोन जाडजूड ग्रंथ आले आणि आज माळरानावर दिसतात त्या सौर प्रकल्पांचा पहिला पाया तिथे आहे. चुकीचं मोजणं वाईट म्हणून त्यांनी मोजणं सोडलं नाही, यंत्रशाळा उभारली. आणि सूर्य मोजणं पावसाहून नाजूक. काळ्या रंगाची एक तबकडी, तिच्यावर काचेचे दोन घुमट. ऊन पडलं की तबकडी तापते, त्या तापण्यातून बारीकसा विद्युतदाब निर्माण होतो, त्यावरून चौरस मीटरला किती वॅट ते कळतं. स्वच्छ दुपारी आपल्याकडे हजाराच्या घरात. पण पहाटे घुमटावर दव बसतं, दवावर धूळ बसते, उन्हात तिचं पुट होतं. रोज सकाळी मऊ फडक्याने पुसावं लागतं. पुसलं नाही तर सूर्य दर आठवड्याला थोडा थोडा विझत चालल्यासारखा दिसतो. यंत्र स्वतः तर म्हातारं होतंच, म्हणून त्याची तुलना पुण्यातल्या प्रमाण यंत्राशी, आणि प्रमाण यंत्रांची तुलना स्वित्झर्लंडमधल्या दावोसला, जिथे जगभरची यंत्रं दर पाच वर्षांनी एकाच उन्हात शेजारी शेजारी उभी करतात. या साखळीतली प्रत्येक कडी किती चुकते हे लिहून ठेवलेलं असतं. तुम्हाला हवा होता तो प्रामाणिक आकडा हाच, आपली चूक सोबत घेऊन फिरणारा.

संशयी : आणि त्या चुकीचं पुढे काय करतात?

मोजणारी : हिशेबात धरतात. सौर प्रकल्पाला कर्ज देताना बँक ‘सरासरी एवढी वीज निघेल’ या आकड्यावर थांबत नाही. पी-90 नावाचा आकडा मागते. दहापैकी नऊ वर्षं निदान इतकी तरी निघेलच, असा. त्यात ढगाळ वर्षं आली, यंत्राची चूक आली, पॅनेलवरची धूळ आली. कर्जाची परतफेड त्या खालच्या आकड्यावर बेततात.

संशयी : आता तू माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलास. बँकेच्या पैशाचा प्रश्न आला की तुमचं शास्त्र म्हणतं, थांबा, आमच्या आकड्यात चूक आहे, ती आधी वजा करू आणि मग बोलू. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आला की तेच शास्त्र म्हणतं, 64. पुढे काही नाही, मागे काही नाही. अनिश्चितता दोघांच्याही आकड्यात आहे. एकाला तिच्यापासून संरक्षण मिळतं, दुसऱ्याला तिचा पत्ताच लागू देत नाहीत. आंब्याच्या फळपीक विम्यातही हेच. अवकाळी किती पडला, तापमान किती चढलं, सगळं केंद्रावरच्या यंत्राने ठरतं. 2024 च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि दिल्लीत मुंगेशपूरला 52.9. देशभर बोंब झाली म्हणून खात्याने तपासलं आणि संवेदक बिघडल्याचं सांगितलं. चूक एवढी मोठी होती म्हणून सापडली. दीड अंशाची असती तर? मोहोर करपला की नाही हे ठरवायला दीड अंश पुरतो.

मोजणारी : यावर माझ्याकडे झटपट उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की प्रकल्पावरचं यंत्र रोज पुसलं जातं, कारण ते पुसणाऱ्याचा पगार प्रकल्प देतो. मंडळातल्या यंत्राचं भोक साफ करणाऱ्याचा पगार कुणाच्या अंदाजपत्रकात आहे, ते शोधावं लागतं. यंत्राच्या खरेदीला निधी मिळतो, उद्घाटनाला माणसं मिळतात, कोळ्याचं जाळं काढायला कुणी मिळत नाही. चूक किती हे सांगायलाही आधी यंत्राची नीट देखभाल लागते. जे यंत्र कधी तपासलंच नाही, त्याची चूक किती ते कुठून लिहिणार?

संशयी : मग हवेचं काय? तिथे तर मीच तुझ्याकडे आकडा मागायला आलोय. पाऊस मला दिसतो, ऊन मला लागतं. यंत्र नसलं तरी मी त्यांच्याबद्दल भांडू शकतो. हवेतली ती अडीच मायक्रॉनची धूळ ना दिसते, ना हाताला लागते. मुलाने चेंबूरच्या घरी एक छोटं यंत्र आणून लावलंय. ते भर जुलैत, बाहेर पाऊस पडत असताना लाल होतं. मी म्हटलं, निदान हे तरी खरं सांगतंय.

मोजणारी : आता मला तुमची भूमिका घ्यावी लागणार. ते यंत्र धूळ तोलत नाही, धुळीवर लेझरचा उजेड पाडून किती विखुरला ते पाहतं. पावसाळ्यात हवेत बाष्प ठासून भरलेलं, कणांपैकी बरेचसे पाणी पिऊन फुगतात, मुंबईत तर समुद्राच्या मिठाचे कणही असतात. फुगलेला कण जास्त उजेड विखुरतो आणि यंत्र म्हणतं, धूळ वाढली. वास्तविक जुलैत पाऊस हवा धुऊन काढतो, वर्षातली बरी हवा तेव्हाच असते. सरकारी स्वयंचलित केंद्रात आत येणारी हवा आधी तापवून सुकवतात, कण पट्टीवर गोळा करतात, त्यातून बीटा किरण सोडतात आणि किती अडले त्यावरून वजन काढतात. ते खर्चिक असतं म्हणून कमी ठिकाणी असतं. आणि जिथे अजून हाताने नमुने घेतात तिथे आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला 104. उरलेले अडीचशेहून जास्त दिवस त्या गावची हवा कशी होती हे कुणी विचारायचं नाही.

संशयी : आणि त्यावर तुमचा तो निर्देशांक. हिरवा, पिवळा, लाल.

मोजणारी : तो तर अर्धा मोजमाप आणि अर्धा निर्णय आहे. आठ प्रदूषकांपैकी ज्याचा उपनिर्देशांक सगळ्यात वर, तोच शहराचा निर्देशांक. बाकीचे कितीही असोत, बेरीज होत नाही. सूक्ष्म कणांचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा, म्हणजे दिवाळीच्या रात्रीचे दोन तास उरलेल्या बावीस तासांत विरघळतात. भारतात सूक्ष्म कण घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमपर्यंत असले तर हवा ‘समाधानकारक’. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा 15. हवा तीच, फुप्फुसं तीच. वर 500 ला छप्पर. नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्लीत परदेशी ॲप हजाराच्या पुढे बोलत होतं आणि सरकारी फलक छपराला टेकून उभा होता. दोघांपैकी खोटं कुणीच नव्हतं, पट्टी वेगळी होती.

संशयी : म्हणजे माझ्या पासष्टसारखंच. कुठल्या घरावर रेघ मारायची ते यंत्र ठरवत नाही, मंत्रालय ठरवतं. आणि एकदा रेघ मारली की माणसं हवा सुधारायच्या ऐवजी आकडा सुधारायला निघतात. दिल्लीत मोजणीकेंद्रांभोवती पाणी मारल्याचे आरोप झालेच ना?

मोजणारी : झाले. म्हणूनच मला वाटतं, तिन्ही यंत्रं एकाच कुंपणात उभी करावीत. आज पाऊस कृषी आणि हवामान खात्याकडे, ऊन ऊर्जेकडे, धूळ प्रदूषण मंडळाकडे. तिघांचं आभाळ मात्र एकच. 1999 च्या हिंदी महासागरातल्या मोठ्या प्रयोगात दिसलं, की आपल्याकडचा धुरकट थर उन्हाचा भरघोस हिस्सा वरच्या वर अडवतो. पाऊस पडला की धूळ बसते आणि ऊन वाढतं. एका यंत्राने थाप मारली, तर शेजारची दोन तिला पकडू शकतात. कोरड्या दिवशी पर्जन्यमापकात टिका पडल्या आणि उन्हाचा आलेख अखंड असला, तर समजावं, कुणीतरी तांब्या ओतला किंवा तुंबलेलं भोक मोकळं झालं.

संशयी : हे मला आवडलं. साक्षीदार तिघे हवेत, आणि एकमेकांना न विचारता बोलणारे. मग एक केंद्र आमच्याकडे बसव. माझ्या बागेत जागा देतो, फुकट.

मोजणारी : बागेत नाही चालणार. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट आणि जमलं तर चौपट अंतर लागतं. तुमची कलमं आठ-दहा मीटर उंच. वर सड्यावर बसवावं लागेल, उघड्या कातळावर.

संशयी : सड्यावर वारा केवढा असतो माहीत आहे ना? तूच म्हणालीस, वाऱ्यात कमी भरतं. म्हणजे नियमाने बसवलं की चुकणार हे तुला आत्ताच ठाऊक आहे.

मोजणारी : चुकेल, पण देशभरच्या मापकांसारखंच चुकेल, म्हणून त्यांच्याशी ताडून बघता येईल. बागेतलं मापक त्या झाडाखालचं खरं सांगेल, आणि त्याची तुलना कशाशीच करता येणार नाही. वाऱ्याचा दोष घालवायला परदेशात जमिनीत खड्डा करून, जाळी घालून, तोंड जमिनीबरोबर ठेवतात.

संशयी : कोकणात जुलैत खड्ड्यात मापक ठेव. आठवड्यात त्याची विहीर होते.

मोजणारी : मग दोन बसवू. एक सड्यावर, नियमाने. एक कलमांमध्ये, तुमच्या समाधानासाठी. आकडे जुळणार नाहीत, ते आधीच सांगते. दोन्ही लिहायचे, आणि दोघांमधलं अंतरही लिहायचं.

संशयी : लिहीन की. पण अर्जात रकाना एकच असतो.